पायाच्या बोटावरचा केलॉइड : कापण्याची घाई नको

पूर्णा आणि नांदेड या दोन रेल्वे स्थानकांच्या मध्ये चुडावा लागते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव. आजूबाजूला काळी माती, कापूस, सोयाबीन, हळद. शेतात राबणाऱ्या पायांना इथे काही ना काही होतच असते. रुतलेले नख काढावे लागते, जुने कुरूप कापावे लागते, ठेचाळून फाटलेले बोट शिवावे लागते. एखाद्या मुलाचे जन्मतः असलेले सहावे बोट काढले जाते किंवा जोडलेली दोन बोटे वेगळी केली जातात. शस्त्रक्रिया छोटी असते. दोन आठवड्यांत टाके निघतात, पाय पुन्हा चपलेत जातो आणि विषय संपला असे घरचे समजतात.

काही जणांचा विषय मात्र तिथे संपत नाही. दोन-चार महिन्यांनी टाक्यांच्या रेषेवर खाज सुटू लागते. जागा जाड होते, लालसर-जांभळी दिसते, हाताला टणक लागते. हळूहळू ती मूळ जखमेच्या कडा ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरते. चपलेचा पट्टा घासला की ठणकते. मग रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे जातो आणि म्हणतो, "डॉक्टर, एवढं कापून टाका."

ही मागणी अगदी साधी वाटते, पण धोका तिच्यातच आहे. या वाढीला केलॉइड म्हणतात. इतर कोणताही उपचार न जोडता केलॉइड नुसता कापला, तर तो पुन्हा येण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत ४५ ते १०० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. पुन्हा येताना तो पूर्वीपेक्षा मोठाही असू शकतो. कारण केलॉइड जखमेतूनच जन्मतो आणि कापणे म्हणजे आणखी एक जखम करणे.

भरणे थांबतच नाही

जखम झाली की शरीर ती तीन टप्प्यांत भरते. पहिल्या काही दिवसांत रक्त गोठते आणि सूज येते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन हे धाग्यांसारखे प्रथिन तयार करून खड्डा भरतात. त्यानंतर अनेक महिने जादा कोलॅजन काढून टाकण्याचे आणि उरलेले नीट रचण्याचे काम चालते. म्हणूनच सुरुवातीला उठून दिसणारा वण वर्षभरात फिकट आणि सपाट होतो.

केलॉइडमध्ये हे थांबणेच बिघडते. सूज धुमसत राहते, फायब्रोब्लास्टना काम बंद करण्याचा निरोप मिळत नाही आणि कोलॅजनचे जाड दोर एकावर एक साचत जातात. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ जाँ-लुई आलिबेर यांनी १८०६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आधी त्यांनी दिलेले नाव कर्करोगाशी मिळतेजुळते होते. लोकांचा गैरसमज होऊ नये म्हणून पुढे त्यांनी ते बदलले आणि खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून केलॉइड हे नाव रूढ झाले. कडेने फुटून पसरणारी ही वाढ नांगीसारखीच दिसते. ती कर्करोग नसते आणि संसर्गजन्यही नसते.

प्रत्येक जाड वण म्हणजे केलॉइड नव्हे. शस्त्रक्रियेनंतर महिना-दोन महिन्यांत वर आलेला, पण जखमेच्या रेषेतच राहिलेला वण निराळा असतो. त्याला हायपरट्रॉफिक व्रण म्हणतात. तो बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप कमी होतो. केलॉइड उशिरा उगवतो, कडा ओलांडतो आणि आपोआप सहसा जात नाही. हा फरक ओळखला की अर्धी चूक टळते.

बोटावर तो अवघड का ठरतो

केलॉइडच्या आवडत्या जागा ठरलेल्या आहेत : छातीचा मधला भाग, खांदा, दंडाचा वरचा भाग, जबडा आणि टोचलेली कानाची पाळी. तळपाय आणि तळहातावर तो क्वचितच दिसतो. पायाच्या बोटांच्या वरच्या बाजूला आणि बेचक्यात मात्र तो होऊ शकतो. जोडलेली बोटे वेगळी केल्यानंतर लहान मुलांच्या बोटांवर केलॉइड झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. प्रमाण कमी असले तरी झाला की त्रास मोठा असतो.

याचे एक कारण ताण हे आहे. जपानमधील प्लास्टिक सर्जन रेई ओगावा यांनी दाखवून दिले की ज्या दिशेने त्वचा ओढली जाते, त्या दिशेने केलॉइड पसरतो. पायाचे बोट प्रत्येक पावलाला वाकते, चपलेत दाबले जाते, शेजारच्या बोटाला घासते. जखमेला विश्रांती अशी मिळतच नाही. दुसरे कारण जागेचे. पोटावर किंवा पाठीवर शिवायला सैल कातडी मिळते. बोटावर ती नसते. मोठा केलॉइड कापला तर उघडी पडलेली जागा झाकायला जांघेची किंवा मांडीची कातडी काढून लावावी लागते. मग केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या रुग्णाच्या अंगावर एकाऐवजी दोन जखमा होतात आणि जिथून कातडी घेतली तिथेही केलॉइड उठण्याची भीती राहते.

ही प्रवृत्ती काही घराण्यांत चालत येते. सावळ्या आणि काळ्या त्वचेत ती गोऱ्या त्वचेपेक्षा बरीच जास्त आढळते. साधारण १० ते ३० या वयात केलॉइड अधिक उठतात. यात रुग्णाचा किंवा टाके घालणाऱ्याचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. तरी जखम पिकली, टाके उसवले किंवा जखम भरायला फार दिवस लागले, तर शक्यता वाढते.

आधी निदान

बोटावरची टणक गाठ दिसली की ती केलॉइडच, असे धरून चालत नाही. शेतात अनवाणी चालणाऱ्यांना मायसेटोमा हा चिवट संसर्ग होऊ शकतो. मदुरा पाय म्हणून तो ओळखला जातो. काट्याने झालेल्या बारीक जखमेतून जंतू किंवा बुरशी आत शिरते, पाय सुजतो, गाठींना भोके पडतात आणि त्यांतून पू आणि बारीक कण बाहेर येतात. त्यावर केलॉइडसाठी दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर संसर्ग बळावतो. लहान मुलांच्या हातापायाच्या बोटांवर तंतुमय गाठींचा एक वेगळा आजारही होतो. त्याही काढल्यावर पुन्हा येतात. आणि जुन्या व्रणावर न भरणारी जखम झाली, रक्त येऊ लागले किंवा गाठ झपाट्याने वाढली, तर कर्करोग नाही ना हे पाहण्यासाठी तुकडा तपासावा लागतो.

पायाच्या एखाद्या भागाला स्पर्श किंवा चटका कळत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायला हवे. बधिरपणा कुष्ठरोगात असतो, मधुमेहातही असतो. अशा पायावर कोणताही दाब देणारा उपाय करताना जास्त काळजी लागते.

इंजेक्शनचे वेळापत्रक

केलॉइडवरचा सर्वांत रुळलेला उपचार म्हणजे गाठीतच दिले जाणारे ट्रायअॅमसिनोलोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन. १९६० च्या दशकापासून ते वापरात आहे आणि आजही जगभर पहिला पर्याय मानले जाते. ते सूज शमवते, फायब्रोब्लास्टचे काम मंदावते आणि साचलेले कोलॅजन विरघळायला मदत करते. औषधाची तीव्रता गाठीचा आकार आणि जाडी पाहून दर मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम अशी ठरते.

हे इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही. साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी ते घ्यावे लागते आणि गाठ सपाट होईपर्यंत अशा अनेक फेऱ्या होतात. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत खाज आणि ठणका कमी होतो. गाठ मात्र नंतर मऊ पडते आणि मग खाली बसते. नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण उपचार सोडतात. काहींना दुखणे थांबल्यामुळे गरज वाटत नाही. काहींना गाठ अजून दिसते म्हणून औषध लागू पडले नाही असे वाटते. दोन्ही अंदाज चुकीचे असतात.

इंजेक्शन दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. टणक गाठीत औषध शिरायला जोर लागतो आणि बोटावर तर जास्तच दुखते. त्यासाठी आधी बर्फाने जागा गार करणे, बधिर करणारे मलम लावणे, औषधात भूल मिसळणे किंवा बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन पूर्ण बोट बधिर करणे असे मार्ग आहेत. रुग्णाने ते मागायला संकोच करू नये. लहान मूल पहिल्या वेळी फार दुखावले गेले, तर पुढच्या फेरीला ते येतच नाही आणि उपचार तिथेच तुटतो.

दुष्परिणामही माहीत असावेत. औषध गाठीबाहेर गेले तर आजूबाजूची कातडी पातळ होते, खड्डा पडतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. सावळ्या त्वचेवर पांढुरका डाग पडू शकतो. तो अनेकदा काही महिन्यांत भरून येतो. मधुमेह असलेल्यांची साखर काही दिवस वाढू शकते, म्हणून ही माहिती आधीच द्यावी. डागाचा रंग पाहून कोड उठले असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

नुसत्या स्टिरॉइडने गाठ हलत नसेल तर त्यासोबत ५-फ्लुओरोयुरासिल हे औषध थोड्या प्रमाणात गाठीत दिले जाते. ते मूळचे कर्करोगावरचे असले तरी इथे त्याचा उपयोग पेशींची वाढ रोखण्यापुरता असतो. गर्भवती आणि स्तनदा मातांना ते देत नाहीत. द्रवरूप नायट्रोजनने गाठ गोठवणे हाही एक उपाय आहे. लहान गाठीवर तो उपयोगी पडतो, पण त्याने फोड येतो आणि सावळ्या कातडीचा रंग जाऊ शकतो.

सिलिकॉन, दाब आणि मराठवाड्याचा उन्हाळा

घरी करण्याजोगा उपाय म्हणजे सिलिकॉन. १९८३ मध्ये भाजलेल्या व्रणांवर सिलिकॉन जेलचा उपयोग होत असल्याचे ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून त्याचे पत्रे आणि मलमे रूढ झाली. सिलिकॉन त्वचेतला ओलावा धरून ठेवते आणि व्रण शांत होतो. पूर्ण वाढलेला केलॉइड एकट्या सिलिकॉनने क्वचितच जातो. पण जखम भरल्याबरोबर ते सुरू केले तर नवा केलॉइड अडवायला आणि इंजेक्शनचा परिणाम टिकवायला मदत होते. ते दिवसातून किमान १२ तास, निदान दोन-तीन महिने वापरावे लागते. उघड्या किंवा ओल्या जखमेवर ते लावायचे नसते.

परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली घाम साचतो आणि पुरळ उठते. पावसाळ्यात चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या ओलाव्याने आणखी वाढतात. म्हणून पत्रा रोज साबणाने धुऊन वाळवावा, पाय पूर्ण कोरडा करूनच लावावा. शेतातल्या कामाच्या वेळी काढून ठेवावा आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत वापरावा. बेचक्यात पत्रा टिकत नसेल तर जेल सोयीचे पडते. चिखल्या झाल्या असतील तर आधी त्या बऱ्या कराव्यात.

बोटाभोवती लवचिक पट्टी गुंडाळून सतत हलका दाब देणे हाही उपाय आहे. तो अनेक महिने चालतो. बोट निळे पडले, गार झाले, मुंग्या आल्या तर पट्टी लगेच सैल करायची. मधुमेहींनी आणि पाय बधिर असणाऱ्यांनी ही पट्टी स्वतःहून बांधू नये. घट्ट झालेली त्यांना कळणारच नाही.

जोडवी, चप्पल आणि बिब्बा

उपचार चालू असताना घासणे थांबले नाही तर औषधाचा उपयोग अर्धाच होतो. अंगठ्याची चप्पल पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या मध्ये रुतते. तिथेच केलॉइड असेल तर पुढून रुंद, मऊ पट्ट्याची चप्पल घ्यावी. शाळेतल्या मुलांच्या बुटाचे टोक अरुंद नसावे.

विवाहित स्त्रियांच्या दुसऱ्या बोटात जोडवी असतात. सौभाग्याचा अलंकार म्हणून ती सहजासहजी काढली जात नाहीत. पण त्याच बोटावर वण वाढू लागला तर जोडवे त्यावर दिवसरात्र घासते. बोट जाड झाले की ते अडकते आणि मग कापूनच काढावे लागते. बोट सुजण्याआधीच ते उतरवून ठेवणे शहाणपणाचे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी "राहू दे गं काढून, पाय बरा झाला की घाल" असे म्हटले तर सुनेला ते सोपे जाते. डॉक्टरांच्या सांगण्याइतकेच वजन त्या एका वाक्याला असते.

दुसरी अडचण घरगुती औषधांची. कुरूप, भेगा, मोडलेला काटा यांवर बिब्बा लावण्याची जुनी रीत आहे. "बिब्बा लाव, बसून जाईल" हा सल्ला मायेपोटीच दिलेला असतो. पण बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, फोड येतात आणि भाजलेली जागा ही केलॉइडच्या दृष्टीने नवी जखमच. चुना लावणे, तापलेल्या सळईने डाग देणे, ब्लेडने वरचा थर तासणे, दोरा बांधून गाठ तोडणे यांचाही शेवट तोच होतो. केलॉइड असलेल्या माणसाच्या अंगावर जितक्या कमी जखमा होतील तितके चांगले.

मग कापायचे कधीच नाही?

तसे नाही. गाठ इतकी मोठी असेल की चप्पल घालता येत नाही, किंवा इंजेक्शनने ती हलतच नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. फक्त ती एकटी करायची नसते. गाठ काढताना ताण येणार नाही अशा रीतीने टाके घालणे, त्यानंतर ठरलेल्या अंतराने स्टिरॉइडची इंजेक्शने, जखम भरताच सिलिकॉन आणि दाब अशी साखळी आधीच ठरवावी लागते. प्रौढ रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांच्या आत विकिरणाचे उपचार सुरू केले तर पुनरावृत्ती बरीच कमी होते. वाढत्या वयाच्या मुलांत हाडांच्या वाढीला इजा होऊ नये म्हणून ते शक्यतो टाळतात. शस्त्रक्रियेनंतरच्या फेऱ्यांना येणे जमणार नसेल, तर शस्त्रक्रियाच पुढे ढकललेली बरी.

हाच विचार पहिल्या शस्त्रक्रियेआधीही व्हायला हवा. पायाची दोन बोटे जन्मतः जोडलेली असली तरी बहुतेकांच्या चालण्या-पळण्यात त्याने काही अडत नाही. हाताच्या बोटांची गोष्ट वेगळी, तिथे बोटे मोकळी झाली नाहीत तर पकड बिघडते. पायाच्या बाबतीत केवळ दिसण्यासाठी किंवा पुढे लग्नात कोणी नाव ठेवील म्हणून शस्त्रक्रिया करायची असेल, तर घराण्यात केलॉइड आहे का हे आधी पाहावे. आईच्या कानाची पाळी टोचल्यावर गाठ झाली होती का? वडिलांच्या छातीवर मुरमाच्या जागी जाड वण आहे का? मुलाच्या लसीच्या जागी मोठी टणक वाढ आहे का? या तीन प्रश्नांना पैसे लागत नाहीत. त्यांची उत्तरे सर्जनला आधी कळली तर शस्त्रक्रिया टाळता येते किंवा टाके निघाल्यापासूनच प्रतिबंधाची तयारी ठेवता येते.

बारा महिन्यांचे काम

चुडाव्यासारख्या गावातल्या रुग्णासाठी खरा प्रश्न औषध कोणते हा नसून फेऱ्या कशा जमवायच्या हा असतो. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठ पाहून पुढे पाठवू शकते. नांदेडच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, परभणीतही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे त्वचारोग किंवा शल्यचिकित्सा विभागात दाखवता येते. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून होते. पालकांनी त्या वेळी बोट दाखवावे.

पण दर महिन्या-दीड महिन्याला शहर गाठणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, पेरणी किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत तर निघताच येत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांशी वर्षाचा हिशेब मांडलेला बरा. किती फेऱ्या लागतील, त्यांतली कोणती सुगीत येते, ती आठवडाभर मागेपुढे केली तर चालेल का, हे विचारून घ्यावे. फेरी थोडी लांबली तर उपचार वाया जात नाही. कायमची सुटली तर जातो. प्रत्येक भेटीला गाठीचा फोटो मोबाइलमध्ये एकाच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून काढावा. महिन्यागणिक होणारा फरक डोळ्यांना दिसत नाही, फोटोत दिसतो आणि पुढच्या फेरीला जायला बळ येते.

गाठ सपाट झाल्यावरही पहिली दोन वर्षे लक्ष ठेवावे लागते. पुन्हा खाज सुटली, कड टणक लागली तर त्याच आठवड्यात दाखवावे. सुरुवातीच्या गाठीला एखाददुसरे इंजेक्शन पुरते, वाढलेल्या गाठीला वर्ष लागते. वण पूर्ण नाहीसा होत नाही, हेही मान्य करावे लागते. खाज आणि ठणका गेला, बोट वाकू लागले, चप्पल पुन्हा घालता आली आणि पाय शेतात निर्धास्त पडू लागला, म्हणजे उपचार यशस्वी झाला. आणि त्यानंतर अंगावर कुठलीही शस्त्रक्रिया व्हायची असेल, अगदी कान टोचायचे असतील तरी, रुग्णाने सर्वांत आधी एकच गोष्ट सांगावी : "माझ्या जखमेवर गाठ होते."